वारुळापासून घ्यावयाचा धडा



वारूळ म्हटलें कीं आपणांस नागोबा आठवतो. परंतु नाग हा तेथला उपरा बिऱ्हाडकरू; खरा गवंडी म्हणजे आपल्या दारांच्या चौकटी पोखरणारी वाळवी. हिचे कामकरी बहुधा आंधळे असतात. तरी माती व लाळ एवढ्याच साहित्यावर ते पुरुषभर उंचीची वास्तु उभारतात. आंत अन्नासाठीं ते एक प्रकारची बुरशी वाढवितात. लक्षावधि कीटक आणि ही बुरशी यांच्या श्वसनानें कोंदणारी हवा बाहेर कशी जाते?

मार्टिन ल्यूशर या स्विस शास्त्रज्ञानें १९६१ सालीं याचें एक उत्तर मांडलें. घरट्यांतील उबेनें हवा वर चढते, बाहेरील भिंतींतल्या नळ्यांतून उतरतांना ताजी व थंड होते, आणि पुन्हा तळाशीं येते. वारूळ आपोआप थंड राहतें ही कल्पना पुढें वास्तुशास्त्रांतहि शिरली. झिंबाब्वेची राजधानी हरारे येथें मिक पीअर्स यांनी तिच्या आधारें ईस्टगेट सेंटर ही इमारत योजिली. ती १९९६ सालीं पुरी झाली. नेहमींच्या पद्धतीचें हवा थंड करण्याचें यंत्र तींत नाहीं. रात्रीं पंख्यांच्या साह्यानें गार हवा काँक्रीटच्या पोकळ जमिनींतून खेळवितात. तो जड काँक्रीट थंडावा सांठवून ठेवतो. दिवसां त्यावरून आलेली हवा खोल्यांत शिरते, आणि माणसांच्या व दिव्यांच्या उबेनें तापली म्हणजे उंच धुराड्यांवाटे निघून जाते.

मौज अशी कीं, इमारत टिकली, पण वारुळाविषयींची समजूत टिकली नाहीं. स्कॉट टर्नर व रुपर्ट सोअर यांनी २००८ सालीं दाखवून दिलें कीं, घरट्याचें तपमान मुख्यतः भोंवतालच्या जमिनीप्रमाणें बदलतें. वारूळ हें थंडाव्याचें यंत्र नव्हे, तर फुप्फुस होय. पुढें बंगळूर येथील वारुळांत मोजमापें झालीं व तीं २०१५ सालीं प्रसिद्ध झालीं. दिवसां वारुळाच्या बाहेरच्या पातळ कडा लवकर तापतात. तेथली हवा वर चढते व मध्यभागीं खालीं उतरते. रात्रीं हा प्रवाह उलटतो. दिवस आणि रात्र यांच्या तपमानांतील फरकावरच तें फुप्फुस चालतें.

मग ईस्टगेटला यश कां आलें? हरारे समुद्रसपाटीपासून सुमारें १५०० मीटर उंचीवर आहे. तेथल्या रात्री गार असतात. वारुळाप्रमाणेंच ती इमारतहि रात्र व दिवस यांतील फरक राबवून घेते. म्हणून अनुकरण करावयाचें तें वारुळाच्या आकाराचें नव्हे, तर आपल्या जागेचें हवापाणी ओळखून बांधण्याच्या रीतीचें. मुंबईंत मे महिन्यांतली रात्र उष्ण व दमट. तेथें नुसत्या धुराड्यानें भागणार नाहीं. पुण्या-नाशिकाकडे मात्र उन्हाळ्यांतहि पहांटेस गारवा येतो, आणि जुन्या वाड्यांच्या जाड भिंती तो दुपारपर्यंत जपून ठेवीत असत.

आज आपण आधीं कांचेची दर्शनी भिंत उभारतों आणि मागाहून खोली थंड करणारें यंत्र बसवितों. तें खोलींतली उष्णता रस्त्यावर लोटतें, आणि तिची झळ शेजाऱ्यास लागते. नवें घर बांधणाऱ्यांनी आपल्या वास्तुशिल्पज्ञास एवढाच प्रश्न अवश्य विचारावा: रात्रींचा गारवा या घरांत कोठून येणार, आणि दिवसां तो कशांत सांठून राहणार?