कोयता, कार्ड आणि पहिले २४ तास

अध्यक्षमहोदया, उद्घाटक, व्यासपीठावरील मान्यवर आणि बीडपासून बेळगावपर्यंतच्या गावांतून आलेले डॉक्टर, सिस्टर आणि आशाताई,

कोल्हापूरकरांच्या वतीने आपलं मनापासून स्वागत. स्वागताध्यक्षाने जेवणखाण नीट बघावं आणि भाषण आटोपतं घ्यावं, असा संकेत आहे. जेवणाबद्दल निर्धास्त राहा. भाषणापुरतं जरा सांभाळून घ्या.

येताना आपली गाडी उसाच्या ट्रॉलीमागे अडकली असेलच. गळीत हंगाम ऐन भरात आहे. हा ऊस तोडणारी कितीतरी जोडपी बीडच्या दुष्काळी भागातून दिवाळीच्या सुमारास इकडे येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता आणि उचलही जोडीच्या हिशोबाने. त्यामुळे बाईला पाचवा महिना लागलेला असला तरी तिला घरी राहता येत नाही. स्थलांतरित गरोदर स्त्रियांची विषाणू तपासणी हा आपल्या परिषदेचा विषय असा आमच्या वेशीवरच्या खोप्यांत मुक्कामाला आहे.

‘बाहेरच्या बायका रोग घेऊन येतात’ हे वाक्य मी चांगल्या शिकलेल्या माणसांकडून ऐकलं आहे. ते इथे येऊ देऊ नका. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी यांची तपासणी प्रत्येक गरोदर बाईची व्हायची असते, बंगल्यातलीचीही. फडावरचीची ती राहून जाते, एवढाच फरक आहे. नाव गावच्या उपकेंद्रात, पोट इथे आणि कार्ड कुठल्यातरी पत्र्याच्या पेटीत.

हिपॅटायटिस बीचंच बघा. रक्तात विषाणू भरपूर असलेल्या आईकडून, काहीच उपाय केला नाही, तर दहापैकी सात ते नऊ बाळांना लागण होते. जन्मताना लागण झालेल्या बाळांपैकी सुमारे ९० टक्क्यांच्या अंगात ती कायमची ठाण मांडते. पुढे ऐन कर्त्या वयात सिरोसिस किंवा लिव्हरचा कॅन्सर. हे टाळायला लशीचा पहिला डोस जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यायचा असतो. आई पॉझिटिव्ह असेल तर सोबत इम्युनोग्लोब्युलिनही. आधी कळलं असेल तर शेवटच्या तीन महिन्यांत टेनोफोविर देता येतं. एचआयव्हीतही उपचारांविना १५ ते ४५ टक्के असलेला धोका औषधांनी ५ टक्क्यांच्या खाली येतो. औषधं आहेत, २०१८ पासून हिपॅटायटिसचा राष्ट्रीय कार्यक्रमही आहे. पण रात्री दोनला कळा देत आलेल्या बाईचा रिपोर्ट जर दोन जिल्हे पलीकडे असेल, तर हे सगळं कागदावर राहतं.

म्हणून माझा आग्रह साधा आहे. जुना रिपोर्ट शोधत बसू नका. रॅपिड किट प्रसूतिकक्षातच ठेवा, निकाल अर्ध्या तासात हाती येतो. आणि जन्माच्या डोसला रविवार नसतो. खोपीत बाळंत झालेल्या बाईच्या बाळापर्यंत तो डोस कसा पोचवायचा, याचं उत्तर मला डॉक्टरांपेक्षा आशाताईंकडून ऐकायचं आहे.

आणखी एक. रिपोर्ट मुकादमाच्या हाती जाता कामा नये, तो कितीही मदतीला धावत असला तरी. एचआयव्हीच्या बाबतीत २०१७ चा कायदाच संमती आणि गोपनीयता मागतो. हिपॅटायटिसलाही तोच नियम लावायला आपली हरकत नसावी.

हिपॅटायटिस ईला मात्र किट पुरत नाही. दिवस भरत आलेल्या बाईला ही कावीळ झाली तर जीव जाण्याचा धोका फार मोठा असतो, आणि तिचं मूळ पिण्याच्या पाण्यात. शेजारच्या इचलकरंजीने २०१२ मध्ये या काविळीची साथ पाहिली आहे. फडावरची बाई कालव्याचं पाणी पिते. साखर कारखान्यांच्या प्रतिनिधींनाही आम्ही बोलावलं आहे, ते मागच्या रांगेत बसले आहेत. चहाच्या वेळेला त्यांना टँकरबद्दल जरूर विचारा.

पुन्हा एकदा सर्वांचं स्वागत करतो आणि अध्यक्षमहोदयांना सूत्रं हाती घेण्याची विनंती करतो.