गडी परगावी, शेत बाईच्या हाती, सातबारा कुणाच्या नावावर?

आज जरा घाटाखाली जाऊ. पाटणकडून कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण लागतं, म्हणजे रत्नागिरी जिल्हा. आपला शेजारीच.

२००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या शेकडा १६ ने वाढली. रत्नागिरीची मात्र सुमारे ८२ हजारांनी घटली आणि सिंधुदुर्गची १९ हजारांनी. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. साताऱ्यात ९८८, सांगलीत ९६६. मग तिथं मुली जास्त जन्माला येतात का? नाही. सहा वर्षांपर्यंतची मुलं मोजली, तर तिथंही मुली मुलग्यांपेक्षा कमीच. कमावते पुरुष मुंबईला गेलेत, म्हणून बायका जास्त दिसतात.

डोंगरउताराची जमीन, तिचे लहान लहान तुकडे आणि पावसावरचं एक भाताचं पीक. त्यावर वर्ष निघत नाही. म्हणून आधी गिरण्या, मग मिळेल ती नोकरी. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला येतात. बाकीचं वर्ष घर, गोठा, लावणी, म्हातारी माणसं सगळं बाईवर.

हे आपल्याला नवीन नाही. पाटण-जावळीचे माथाडी मुंबईत ओझी उचलतात. खानापूर-आटपाडीचे गलाई कामगार सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलेत. मागं शेत कोण बघतं? आपणच.

पण सातबाऱ्यावर आपलं नाव असतं का? बहुतेकींचं नसतं. मग सोसायटीचं कर्ज निघत नाही. गारपिटीची भरपाई ज्याचं नाव त्याच्या खात्यावर जाते. कोकणात तर एकेका सातबाऱ्यावर चुलते-पुतण्यांची कितीतरी नावं असतात. सह्या गोळा करता करता हंगाम निघून जातो, आणि राबणारीचं नाव त्यातही नसतं.

यावर वाट आहे. लक्ष्मीमुक्ती योजना १९९२ पासून आहे. नवऱ्यानं अर्ज केला, तर त्याच्या जमिनीवर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं, खरेदीखत करावं लागत नाही. जमीन भावाभावांत सामाईक असेल, तर आधी वाटणीचं बघावं लागतं. घरावरही दोघांचं नाव लागतं, त्यासाठी ग्रामपंचायतीत अर्ज द्यायचा. मालक वारला असेल, तर मृत्यूचा दाखला घेऊन तलाठ्याकडं वारसनोंदीचा अर्ज करा. त्यात विधवेचं आणि लेकींचं नाव येतं. हक्कसोडपत्रावर समजून घेतल्याशिवाय अंगठा देऊ नका.

गावाकडं आलेला माणूस दोन-चार दिवसांत परत जातो. तेवढ्यात अर्जावर त्याची सही घ्या. आणि बचत गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपला सातबारा आणि घराचा उतारा आणा. जिला वाचता येतं तिनं सगळ्यांना वाचून दाखवा. कुणाचं नाव आहे, कुणाचं नाही, ते त्याच दिवशी कळेल.