गोळी चावून खायची

होटगीच्या, दक्षिण सोलापूरच्या आयाबायांनो, जरा ऐका.

पोर पोटभर जेवतं…
तरी अंगी लागत नाही.
पोटात जंत असू शकतात.

उघड्यावर शौचाला बसलं, की माती दूषित होते.
तिथं पोर अनवाणी हिंडतं.
अंकुशकृमीची बारीक अळी तळपायातून शिरते…
आतड्याला चिकटते… रक्त पिते.

म्हणून 2015 पासून जंतनाशक दिन पाळतात.
अंगणवाडीत, शाळेत अल्बेंडाझोलची गोळी फुकट मिळते.
1 ते 19 वर्षांच्या सगळ्यांना.

गोळी चावून खायची… तशीच गिळायची नाही.
एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धीच,
चुरा करून, पाण्यातून.

आणि दप्तरात घालून घरी आणायची नाही, बरं का!
बाईंसमोरच… चावून खायची.

पोर तापानं फणफणलं असेल, तर त्या दिवशी थांबा.
बरं झाल्यावर आशाताईंना विचारा.