कोड सेन्सरचा, बिघाड कुणाचा?

तर मंडळी, बाबांच्या गाडीचा चेक इंजिन दिवा लागला. फॅन सारखा चालू, पेट्रोल पितेय नुसती. सोमवारी आजीला ऑपरेशनला न्यायचं, म्हणजे अंदाजाने पार्ट बदलत बसायला वेळ नाही. स्कॅनरवर कोड आला पी०११८: कूलंट टेम्परेचर सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त. सर्किटमध्ये, बरं का! तुटलेली वायरही हाच कोड देते. (एरर मेसेज पूर्ण वाचायचा, हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना तरी कळायला हवं.) कनेक्टर काढून सेन्सरला मल्टिमीटर लावला. गार असताना साधारण २०००-२५०० ओहम दिसतात, तापल्यावर २००-३००. आमचा चक्क ओपन! मग नवीन आणला. इंजिन पूर्ण गार होऊ द्या हं, गरम कूलंट उसळून हात भाजतो. वॉशर नवा घाला, ताकद लावून आवळू नका. कूलंट भरा, आणि दुसऱ्या दिवशी गार इंजिनवर पातळी पुन्हा बघा. अडकलेली हवा निघाली की ती उतरते.