ओळख आणि वशिला



मी कॉलेजात शिकवतो. रिसोड-मानोऱ्याकडची पोरं हुशार आहेत, पण म्हणतात, "सर, आमची कुठं ओळख नाही." ओळख म्हणजे वशिला, असं त्यांना वाटतं. मी सांगतो, वशिला नोकरी मागतो; ओळख माहिती विचारते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवलं, की ओळखीतून नोकरी लागलेल्या बहुतेकांना तिची खबर अधूनमधून भेटणाऱ्यांनीच दिली होती.

म्हणून पोरांकडून चार ओळी लिहून घेतो: मी कोण, काय शिकतो, काय विचारायचंय, आभार. पण पाठवायच्या कुणाला? तुम्ही पुण्या-मुंबईला आहात. वाशिमचं एखादं लेकरू फोन करेल, तेव्हा दहा मिनिटं द्या. नोकरी नको, वाट सांगा.