तळाशी बसलेला शब्द

'सेडिमेंट' हा इंग्रजी शब्द रक्ततपासणीच्या कागदावरून आपल्या घरात कधीच शिरला आहे. ईएसआरमधला 'एस' म्हणजे सेडिमेंटेशन. उभ्या नळीत तांबड्या पेशी तासाभरात किती मिलिमीटर खाली बसतात, ते त्यात मोजतात. शब्दाचं मूळ लॅटिन 'सेड', म्हणजे बसणं. संस्कृत 'सद्' त्याचाच भाऊबंद. म्हणजे आपली संसद आणि परिषद ही सेडिमेंटची चुलत भावंडंच!

मराठी करताना मात्र मी फसलो. औषधाच्या बाटलीकडे बोट दाखवून आईनं विचारलं, ''अरे, हे खाली काय बसलंय?'' मी म्हणालो, ''गाळ असतो गं तो.'' चार दिवसांनी कळलं, आई वरची निवळ तेवढी घेत होती. तिचं काय चुकलं? गाळ म्हटला की तो टाकायचाच! पण 'वापरण्यापूर्वी हलवा' असं ज्या बाटलीवर लिहिलेलं असतं, तिच्या तळाशी औषधच बसलेलं असतं.

इंग्रजी शब्द फक्त 'खाली बसलं' एवढंच सांगतो. ठेवायचं की टाकायचं, ते आपण ठरवायचं. तुपाच्या तळाची बेरी आपण साखर घालून खातो. धरणात नकोसा झालेला गाळ शेताला हवा असतो. २०१७ साली सरकारनं 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजनाच काढली.

औषधासाठी आपल्याकडे 'साका' हा चांगला शब्द आहे. आता मी आईला सांगतो, ''साका बसलाय, हलवून घे.''