किल्ली फिरवण्याआधी, सही करण्याआधी
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी या सभेत कोणी संतवाङ्मयावर बोलते, कोणी मुलांच्या आहारावर. यंदा चिटणीसबाईंनी मला मोटारीच्या विम्यावर बोलायला सांगितले, तेव्हा मी म्हटले, "अहो, त्या विषयात मी नापास झालेली बाई!" त्यावर त्या म्हणाल्या, "म्हणूनच तुम्ही बोला." तेव्हा आधी माझ्या नापासाचीच हकीकत सांगते.

25 सप्टेंबर 2019 ची रात्र आपल्या पुण्यात कोणी विसरलेले नाही. आंबिल ओढ्याला पूर आला, अरण्येश्वर भागात भिंत कोसळली, माणसे गेली. त्या दुःखापुढे मोटारीचे रडगाणे शोभत नाही, हे मी जाणते. आमचे मोटारीवरच निभावले. खाली उभ्या असलेल्या आमच्या गाडीत आसनांपर्यंत पाणी चढले होते. सकाळी पाणी ओसरल्यावर मी चिखल तुडवीत गाडीपाशी गेले आणि 'चालते का बघू' म्हणून किल्ली फिरवली. एकदा फिरवली, दोनदा फिरवली. तिसऱ्या वेळी आतून 'खट्' असा आवाज आला आणि सगळे शांत झाले.

काय झाले ते मला पुढे गॅरेजमधल्या मिस्त्रींनी समजावून सांगितले. इंजिन हवा आत ओढते आणि ती दाबते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पाणी आत असताना इंजिन फिरवले, की आतला लोखंडी दांडा वाकतो. म्हणजे पुराने माझी गाडी भिजवली होती, मोडली मात्र मी.

विमा कंपनीचे सर्व्हेअर आले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "बाई, चालू करून पाहिलीत का?" मी "हो" म्हटले. कंपनीने आसने, वायरिंग वगैरेंचे पैसे घसारा वजा करून दिले. इंजिनाचे 85,000 रुपये मात्र नाकारले. पुराचे नुकसान विम्यात येते, पण मालकाने भिजलेले इंजिन फिरवून करून घेतलेले नुकसान येत नाही, असे त्यांचे म्हणणे. इंजिनासाठी थोडा जास्त हप्ता भरून वेगळे संरक्षण घेता येते, हे मला तेव्हा प्रथम कळले. कित्येकींनी मला नंतर विचारले, "नाही म्हणायचे होतेत की!" नाही, मैत्रिणींनो. एक तर ते खोटे. दुसरे, इंजिन उघडले की ते दिसतेच, आणि खोटे विधान निघाले तर सगळाच दावा बुडतो.

ही झाली पहिली चूक. दुसरी चूक गॅरेजमध्ये झाली. गाडी घ्यायला गेले तेव्हा तिथल्या माणसाने तीन कागद पुढे केले. "बाई, इथे सही करा, नुसता रिवाज आहे." चष्मा घरी राहिला होता, तसे सांगायची लाज वाटली. मी सही केली. आठ दिवसांनी पुढचे दिवे बंद पडले, तेव्हा त्यांनी माझीच सही मला दाखवली. 'काम समाधानकारक झाले, माझी काही तक्रार उरली नाही' असे त्या कागदावर लिहिले होते.

या दोन चुकांची फी मी यजमानांच्या मागे साठवलेल्या पैशांतून भरली. ती फुकट जाऊ नये, म्हणून पुढच्या वेळी काय केले ते ऐका.

2023 साली आमच्या सूनबाईंच्या गाडीला सातारा रस्त्यावर टेम्पोने बाजूने धडक दिली. इजा कोणाला झाली नाही. झाली असती तर आधी माणूस, मग पोलीस, गाडी सर्वांत शेवटी. सूनबाईंनी जागेवरच चारी बाजूंनी फोटो काढले, टेम्पोचा क्रमांक लिहून घेतला आणि त्याच दिवशी विमा कंपनीला कळवून दाव्याचा क्रमांक मागून घेतला. तपासणी होईपर्यंत गाडीच्या एका खिळ्यालाही हात लावू दिला नाही. दुरुस्ती आधी आणि तपासणी नंतर, असे झाले की कंपनीला नाही म्हणायला निमित्त मिळते. मोठ्या दाव्याला, म्हणजे 50,000 रुपये आणि वर, परवानाधारक सर्व्हेअर लागतो. लहान दाव्यात कधी फोटोंवरही भागते.

आता पैसे किती मिळतात ते पाहू. समजायला सोपे आकडे घेते. समजा, गाडीला दोन वर्षे झाली आहेत, तिसरे चालू आहे. दाराचा पत्रा 10,000, प्लॅस्टिकचा बंपर 6,000, काच 2,000, एकूण 18,000. साध्या पॉलिसीत या वयाच्या गाडीच्या पत्र्यावर 15 टक्के घसारा, रबर-प्लॅस्टिकवर 50 टक्के, काचेवर काही नाही. म्हणजे 8,500, 3,000 आणि 2,000 मिळून 13,500. त्यातून लहान गाडीला 1,000 रुपये आपण सोसायचे. हाती आले 12,500. मजुरी आणि रंगाचा हिशेब वेगळा. गाडी पाच वर्षांपुढे गेली की पत्र्याचा घसारा 40 टक्के होतो. घसारा न धरणारी पॉलिसीही मिळते. तिचा हप्ता जास्त. 'कॅशलेस' शब्दाने भुलू नका. कंपनी गॅरेजला परस्पर पैसे देते एवढाच त्याचा अर्थ. घसाऱ्याचा वाटा आपल्यालाच भरावा लागतो.

आणखी एक. दावा न केल्याबद्दल स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात पहिल्या वर्षानंतर 20 टक्के सूट मिळते, ती वाढत 50 टक्क्यांपर्यंत जाते. एक दावा केला की ती साधारणपणे शून्यावर येते. म्हणून दोन हजारांच्या ओरखड्यासाठी दावा करण्याआधी पुढच्या हप्त्याचा हिशेब मांडा. भाजीवाल्याशी आठ आण्यांची घासाघीस करणाऱ्या बायका आपण, इथेच का गप्प बसतो?

गॅरेजवाला आपला शत्रू नाही, पण वकीलही नाही. काम सुरू होण्याआधी अंदाजपत्रक लेखी घ्यावे. कोणता भाग बदलणार आणि कोणता ठोकून सरळ करणार, हे त्यात लिहून घ्यावे. जुने भाग डोळ्यांनी पाहावेत. सूनबाईंनी ते पाहायला मागितले, तेव्हा बदललेल्या म्हणून लिहिलेल्या दोन वस्तू बदललेल्याच नव्हत्या, असे निघाले. बिल दुरुस्त झाले. गाडी दिवसाउजेडी ताब्यात घ्यावी, दिवे लावून, काचा खालीवर करून, थोडी फिरवून पाहावी आणि मग सही करावी. चष्मा घेऊन जावे!

कंपनीने दावा नाकारला तर कारण लेखी मागावे. आधी कंपनीकडेच तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. त्यांचे कार्यालय आपल्या पुण्यातही आहे. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.

शेवटी एक नाजूक गोष्ट सांगते. आपल्यापैकी अनेकींच्या घरची गाडी यजमानांच्या नावावर आहे आणि पॉलिसी त्यांच्या कपाटात. गाडीचा मालक वारला, तर त्याच्या नावाची पॉलिसी तीन महिने, किंवा तिची मुदत त्याआधी संपत असेल तर तोवरच, चालते. दुःखाच्या दिवसांत हे कोणाला सुचत नाही. मलाही दिराने आठवण केली म्हणून सुचले. तेव्हा आज घरी गेल्यावर पॉलिसी कुठे आहे ते विचारा, ती एकदा वाचा आणि तिची तारीख कालनिर्णयावर लिहून ठेवा.

नुकसान दैवाने होते, त्याला इलाज नाही. पण माझे मोठे नुकसान माझ्याच हाताने झाले: एकदा किल्ली फिरवताना, एकदा सही करताना. त्या दोन्ही वेळी तुमचा हात क्षणभर थांबला, तर माझे 85,000 रुपये सार्थकी लागले असे मी समजेन.